वाळलेल्या बुरशीचे दप्तर

बुरशीचा संग्रह पाहायला जाणाऱ्याची पहिल्या दिवशी निराशाच होते. फुलझाडांच्या हर्बेरियममध्ये निदान दाबून वाळवलेले पान, फूल, फांदी असे काही ओळखीचे दिसते. इथे कपाट उघडले की घडी घातलेल्या कागदी पाकिटांच्या चळती. एका पाकिटात करपलेल्या पानाचा तुकडा आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. दुसऱ्यात आक्रसलेली, तपकिरी, हाताला हलकी लागणारी वस्तू; ती एकेकाळी शेंदरी रंगाचे भूछत्र होती, हे फक्त लेबलावरून कळते. तिसऱ्यात नुसती काळी भुकटी. ती ज्वारीची काणी. शेतकरी जिला शिव्या घालतो ती इथे नाव, गाव, तारीख लावून जपून ठेवलेली असते.

लंडनजवळच्या क्यू येथील शाही वनस्पती उद्यानात असे साडेबारा लाखांहून अधिक नमुने आहेत. बुरशीच्या जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते. दिल्लीत भारतीय कृषी संशोधन संस्थेत एक जुना संग्रह आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत एक आहे. एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न कोणालाही पडेल. हे पुस्तक त्या एकाच प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे. वाचकाने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी: कोणती अळंबी खावी आणि कोणती खाऊ नये, हे यात शोधू नये. त्यासाठी कोकणातल्या एखाद्या जाणत्या आजीकडे जाणे अधिक सुरक्षित.

पुण्यातले पेशवे दप्तर ज्याने पाहिले आहे त्याला हे काम लवकर समजेल. कारकुनाने घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहिला तो धन्याला दाखवण्यासाठी. पुढे इतिहासकाराने त्याच कागदातून धान्याचे भाव काढले. कारकुनाला ते सुचण्याचे कारण नव्हते. त्याने फक्त तारीख, ठिकाण आणि आकडा नीट लिहिला आणि रुमाल बांधून ठेवला. बुरशीचे पाकीटही असेच आहे. ज्याने ते भरले त्याच्या मनात एक प्रश्न होता. त्या पाकिटाने नंतर ज्यांची उत्तरे दिली ते प्रश्न त्याच्या काळी कोणी विचारलेच नव्हते. माझ्या मते या संग्रहांची सगळी किंमत यातच आहे.

सर्वांत चांगले उदाहरण बटाट्याचे. 1845 साली युरोपात बटाट्याचे पीक करप्याने बसले. आयर्लंडमध्ये गरिबांचे पोट जवळजवळ एकट्या बटाट्यावर होते. तिथे पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. पाने काळी पडतात, खाली कंद सडतात, हे सगळ्यांना दिसत होते. कारणाबद्दल मात्र वाद होता. जॉन लिंडली यांच्यासारखा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणत होता की अति पावसाने झाड पाण्याने फुगून सडते आणि बुरशी नंतर येते. माइल्स जोसेफ बर्कली नावाचे एक पाद्री इंग्लंडमधल्या किंग्ज क्लिफ या खेड्यात चर्चचे काम सांभाळून सूक्ष्मदर्शकाखाली बुरश्या पाहत बसत. त्यांनी 1846 साली उलटे मांडले: बुरशी आधी, सड नंतर. सूक्ष्म जीवामुळे रोग होतो, ही कल्पना तेव्हा मान्य नव्हती. लुई पाश्चर यांचे काम अजून पुढे होते. बर्कलींचे म्हणणे पटायला दीड दशक गेले. 1861 मध्ये जर्मनीत आंतोन द बारी यांनी प्रयोगाने ते सिद्ध केले. या जीवाला फायटोफ्थोरा हे नावही पुढे 1876 मध्ये त्यांनीच दिले.

बर्कलींनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी त्या वर्षांतली रोगट पाने वाळवून ठेवली होती. बर्कलींचा हजारो नमुन्यांचा संग्रह 1879 साली क्यूला आला आणि तिथल्या बुरशी विभागाचा पाया त्यावर घातला गेला. पुढची सव्वाशे वर्षे ती पाने नुसती पडून होती, असे म्हटले तरी चालेल. 2001 मध्ये अमेरिकेतील जीन रिस्टायनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पानांतून रोगजंतूचा डीएनए बाहेर काढून दाखवला. 2013 मध्ये युरोपातील एका गटाने क्यू आणि म्युनिक येथील एकोणिसाव्या शतकातल्या 11 नमुन्यांचा जवळजवळ पूर्ण जनुकीय आराखडा वाचला. तोवर समज असा होता की विसाव्या शतकात जगभर आढळणाऱ्या यूएस-1 या वाणानेच तो दुष्काळ आणला. पाकिटातल्या पानांनी सांगितले की नाही, तो वाण वेगळा होता. तो यूएस-1 च्या जवळचा, पण तो नव्हे. त्याला त्यांनी हर्ब-1 असे नाव दिले. त्यातला 'हर्ब' हर्बेरियमचा. दुष्काळाचा आरोपी पकडला गेला तो शेतात नाही, प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत बुरशीतही नाही. तो पाकिटात सापडला, कारण बाहेर तो तोवर दुर्मीळ झाला होता.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर विषयाचे जाणकार मला सोडणार नाहीत. फायटोफ्थोरा ही काटेकोर अर्थाने बुरशी नाहीच. तिचे नाते बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांशी जवळचे आहे, हे नंतर कळले. तरीही तिची पाकिटे बुरशीच्याच कपाटात आहेत आणि तिथेच राहतील. वर्गीकरण दर पिढीला बदलते. त्याच्यामागे कपाटे हलवत बसले तर काम करायला वेळ उरणार नाही.

बटाट्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. मला तिच्याइतकीच आवडते ती रोथॅमस्टेडची. इंग्लंडमधल्या या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून एकाच शेतात गहू पेरला जातो आणि दर हंगामाचे दाणे व काड बाटल्यांत, डब्यांत भरून ठेवले जाते. खताचा परिणाम पाहण्यासाठी हा प्रयोग सुरू झाला. बुरशीचा त्यात विचारच नव्हता. 2005 साली काही संशोधकांनी या जुन्या काडातला डीएनए मोजला. गव्हाच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या दोन बुरश्यांपैकी कोणत्या वर्षी कोणती किती होती, हे त्यांना पाहायचे होते. दोघींचे प्रमाण दीडशे वर्षांत वरखाली होत गेलेले दिसले आणि ते पाऊस किंवा तापमानापेक्षा जुळले ते हवेतल्या सल्फर डायऑक्साइडशी. गिरण्यांचा आणि वीजकेंद्रांचा धूर वाढत गेला तशी एक बुरशी वरचढ झाली. 1970 नंतर धूर कमी झाला तशी दुसरी. कोळशाच्या धुराचा इतिहास गव्हाच्या काडात लिहिला गेला होता आणि तो वाचायला बुरशीची लिपी यावी लागली.

नॉर्वेत याहून साधे काम झाले. तिथल्या संग्रहांत असलेल्या सुमारे 34,500 भूछत्रांच्या लेबलांवरच्या तारखा घेतल्या. सूक्ष्मदर्शक नाही, डीएनए नाही, फक्त तारखा. त्यांवरून 2008 साली दिसून आले की 1980 पासून तिथली भूछत्रे सरासरी जवळजवळ 13 दिवस उशिरा उगवत आहेत. हिवाळा मागे सरकला तसा त्यांचा हंगामही सरकला. ज्यांनी हे नमुने गोळा केले ते बहुतेक हौशी लोक होते. रविवारी रानात जाऊन आले आणि पाकिटावर तारीख टाकली.

या तारखेवरून लेबलाकडे येतो. लेबल नसलेला नमुना म्हणजे कचरा, हे माझे मत काहींना कडक वाटेल. बुरशीच्या बाबतीत ते फुलझाडांपेक्षाही खरे आहे. वाळलेल्या फुलाचा रंग उडाला तरी आकार राहतो. भूछत्राचे बहुतेक सगळेच जाते: रंग, चिकटपणा, कापल्यावर गर निळा पडतो की लाल हा फरक, आणि वास. ताज्या भूछत्राला बडीशेपेचा, पिठाचा, कच्च्या बटाट्याचा, कधी कुजक्या मांसाचा वास येतो; ओळखायला तो फार उपयोगी पडतो, आणि पाकिटात तो अजिबात उरत नाही. म्हणून चांगला संग्राहक रानातच वही काढतो. कोणत्या झाडाखाली मिळाले, लाकडावर की मातीत, वारुळावर की शेणावर, हे तिथेच लिहितो. मग टोपी देठापासून कापून कागदावर उपडी ठेवतो. रात्रभरात बीजाणू खाली पडून कागदावर त्यांचा ठसा उमटतो आणि त्या ठशाचा रंग टिपून घेतो. त्यानंतर वाळवणे. उन्हात नाही, चुलीवर तर नाहीच. चाळीस अंशांच्या आसपास, खेळत्या हवेत, सावकाश. उष्णता जास्त झाली तर बुरशी शिजते आणि तिचा काही उपयोग राहत नाही. कमी झाली तर तिच्यावर दुसरी बुरशी येते. आपल्या पावसाळ्यात हे दुसरे संकट रोजचे आहे.

नीट वाळवलेल्या नमुन्याचा चिवटपणा मात्र थक्क करणारा असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या भूछत्राची केसाएवढी पातळ चकती कापावी, पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. आक्रसलेल्या पेशी फुगतात, पूर्वीच्या आकाराला येतात, बीजाणू स्पष्ट दिसतात. आयोडीनयुक्त द्रावण टाकले तर ज्या जातींचे बीजाणू निळे-काळे पडायचे ते अजूनही पडतात. डार्विनने दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, टिएरा डेल फ्युगो बेटांवर, बीचसारख्या झाडांवर वाढणारी पिवळी गोल बुरशी गोळा केली होती. तिथले लोक ती कच्ची खात. बर्कलींनी 1842 मध्ये तिचे वर्णन करून तिला डार्विनचे नाव दिले. असे नमुने शोभेचे नसतात. त्या जातीबद्दल शंका आली की आजही त्यांच्याकडेच जावे लागते.

बुरशीचे नाव कागदावर असते, पण ते टांगलेले असते एका विशिष्ट नमुन्यावर. नवी जात वर्णन करणाऱ्याने 'हाच तो' म्हणून एक नमुना नेमून द्यावा लागतो. त्याला प्ररूप म्हणतात. 1958 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो नेमल्याशिवाय नाव वैध ठरत नाही. पुढे वर्णनावरून वाद झाला, आकृती चुकीची निघाली, मूळ लेखक वारला, तरी त्या पाकिटाकडे जाता येते. प्ररूप हरवलेली जात म्हणजे सातबाराशिवायची जमीन म्हणावी लागेल, पण सातबाराच्या भानगडींतून इथे कोणाला जायला नको, म्हणून तेवढ्यावरच थांबतो.

भारतातल्या बहुसंख्य जुन्या प्ररूपांचा पत्ता परदेशातला आहे. कारण उघड आहे. जोसेफ हूकर यांनी सिक्कीमच्या हिमालयातून गोळा केलेल्या बुरश्यांचे वर्णन बर्कलींनीच इंग्लंडात बसून केले. सिलोनच्या कॉफीच्या पानांवर नारिंगी तांबेरा दिसला तेव्हा पेराडेनियाच्या उद्यानातून थ्वेट्स यांनी ती पाने त्यांच्याकडेच पाठवली. 1869 मध्ये बर्कली आणि ब्रूम यांनी त्या तांबेऱ्याला हेमिलिया व्हास्टाट्रिक्स हे नाव दिले. पुढच्या वीस वर्षांत सिलोनची कॉफी संपली आणि त्या डोंगरांवर चहा आला. आज आपण ज्याला सिलोनचा चहा म्हणतो त्यामागे या बुरशीचा मोठा हात आहे.

भारतात हे काम मुळापासून उभे राहिले ते एडविन जॉन बटलर यांच्यामुळे. 1874 साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किल्की गावी त्यांचा जन्म झाला. बटाट्याच्या दुष्काळाला तेव्हा तीस वर्षेही उलटली नव्हती. शिक्षणाने ते डॉक्टर होते. 1901 मध्ये ते सरकारी नोकरीत भारतात आले आणि 1905 पासून बिहारमधल्या पुसा येथील नव्या कृषी संशोधन संस्थेत काम करू लागले. तिथे त्यांनी रोगट पिकांचे नमुने जमवायला सुरुवात केली. त्या संग्रहाचे लॅटिन नाव भले मोठे आहे, जाणकार त्याला एचसीआयओ या आद्याक्षरांनी ओळखतात. जानेवारी 1934 च्या भूकंपाने पुसाच्या इमारती पडल्या, संस्था दिल्लीला हलली आणि पाकिटेही तिच्याबरोबर गेली. आज तिथे 50 हजारांच्या आसपास नमुने आहेत. बटलर 1920 मध्ये इंग्लंडला परतून क्यू येथे साम्राज्याच्या नव्या बुरशीसंस्थेचे पहिले संचालक झाले. त्या संस्थेचा स्वतंत्र संग्रह 2009 मध्ये क्यूच्या संग्रहात मिळाला. 1931 मध्ये बटलरांनी बिस्बी यांच्यासह भारतातल्या बुरश्यांची यादी काढली. मी तरी अजून ती संदर्भासाठी उघडतो.

बटलरांच्या हाताखाली पुसाला तयार झालेल्यांत मुंबईकडचे पारशी जहांगीर फर्दुनजी दस्तूर होते. 1913 मध्ये एरंडाच्या रोपांवर त्यांना फायटोफ्थोराची एक नवी जात मिळाली. त्यांनी तिला पॅरासिटिका म्हटले. पुढे ते नागपूरला मध्य प्रांताचे बुरशीतज्ज्ञ म्हणून काम करत होते. नावांच्या उलाढालीत ही जात आता निकोशियानी या नावात सामावली गेली आहे, आणि नागपुरी संत्र्याला डिंक्या आणणाऱ्या जीवांत तिचा समावेश होतो. विदर्भातला बागायतदार झाडाच्या बुंध्यावरून ओघळणारा डिंक पाहतो, तेव्हा एरंडाच्या त्या रोपाशी त्याचा संबंध असतो. हे त्याला माहीत असण्याची गरज नाही, कृषी विद्यापीठात शिकवणाऱ्याला मात्र असावे.

दुसरे नाव श्रीपाद लक्ष्मण आजरेकरांचे. ज्वारीच्या कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो, त्याला आपल्याकडे चिकटा म्हणतात. 1926 मध्ये आजरेकरांनी भारतीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात या रोगाची निरीक्षणे छापली. त्यांच्यासमोर बुरशीची एकच अवस्था होती, पूर्ण जीवनक्रम नव्हता. पूर्ण अवस्थेवरून जातीला नाव मिळाले पन्नास वर्षांनी, 1976 मध्ये, कर्नाटकातल्या संशोधकांकडून. आजरेकरांनी घाई करून नाव ठोकून दिले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आघारकर संशोधन संस्थेतला बुरशीसंग्रह त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ही संस्था 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झाली आणि तिचे संस्थापक-संचालक मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर होते. वाळवलेल्या नमुन्यांच्या जोडीला तिथे जिवंत बुरश्यांचाही राष्ट्रीय संग्रह आहे. दोन्हींचे काम वेगळे. जिवंत बुरशी वाढवत ठेवली की ती हळूहळू बदलते. वाळलेली जिथल्या तिथे थांबते. म्हणून दोन्ही लागतात.

आपल्याकडची एक मजेची नोंद सांगतो. 1890 साली मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आर्थर बार्कले या लष्करी डॉक्टरने बाभळीच्या जातीच्या एका काटेरी झाडावरच्या तांबेऱ्याचे वर्णन केले. या तांबेऱ्याने कोंब सुजून वेडेवाकडे होतात आणि लोक ते खातात, म्हणून त्याच्या नावातच 'खाण्याजोगा' असा अर्थ असलेला लॅटिन शब्द घातला. पिकावरच्या तांबेऱ्याने शेतकरी देशोधडीला लागतो तिथे हा एक तांबेरा ताटात जातो. अशा नोंदी पुस्तकात आणखी आहेत. त्या शोधून काढण्याचा आनंद मी वाचकाकडून हिरावून घेत नाही.

या संग्रहांचे शत्रू लहान असतात. तंबाखूला आणि मसाल्यांना लागणारे भुंगेरे वाळल्या भूछत्रावरही ताव मारतात. काही महिन्यांत पाकिटात पीठ उरते. म्हणून नवा नमुना आत घेण्याआधी काही दिवस गोठवतात. पूर्वी पाऱ्याचे विषारी क्षार लावत. त्यामुळे कीड गेली, पण ते विष अजून त्या कागदांवर आहे आणि जुनी कपाटे हाताळणाऱ्याला हातमोजे घालावे लागतात. या रसायनांनी डीएनएही बिघडतो. वाचवण्यासाठी केलेला उपायच पुढच्या प्रश्नाच्या आड आला. आजचाही पेच तसाच आहे. डीएनए काढायचा तर नमुन्याचा तुकडा तोडावा लागतो, आणि नमुना नखाएवढा असेल तर किती वेळा तोडणार? मला विचाराल तर ज्याला तुकडा हवा त्याने आधी लेखी सांगावे की तेच उत्तर दुसऱ्या मार्गाने का मिळत नाही. कपाट सांभाळणारा माणूस 'नाही' म्हणाला तर त्याला खडूस ठरवू नये.

आतापर्यंत जगात सुमारे दीड लाख जातींच्या बुरश्यांना नावे मिळाली आहेत; अंदाज वीस लाखांच्या पुढचे आहेत. बाकीच्या बहुतेक अजून जंगलात आणि मातीत आहेत, पण काही आधीच पाकिटात आल्या आहेत आणि ओळखणाऱ्याची वाट पाहत पडल्या आहेत. सह्याद्रीच्या बाबतीत तर हे निश्चित. आपल्या महाविद्यालयांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत बुरशीवर पीएचडी करणाऱ्यांनी घाटांतून, शेतांतून नमुने आणले, प्रबंध बांधून घेतला, आणि नमुने विभागातल्या कपाटात राहिले. सर निवृत्त झाले की कपाटाची किल्ली हरवते. रंगकाम निघाले की पाकिटे बाहेर पडतात. जैवविविधता कायदा 2002 नुसार नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात ठेवणे बंधनकारक आहे. जुन्या, साध्या, 'नवीन काही नाही' म्हणून बाजूला टाकलेल्या नमुन्यांना मात्र असा कायद्याचा आधार नाही. 1965 साली महाबळेश्वरला कोणत्या आठवड्यात काय उगवले, हे त्याच नमुन्यांवरून कळणार आहे.

म्हणून वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती करून ही प्रस्तावना संपवतो. तुमच्या विभागातले ते कपाट या दिवाळीच्या सुट्टीत उघडा. ज्या पाकिटांवर ठिकाण आणि तारीख आहे ती वेगळी काढा, त्यांची यादी करा आणि पुण्याच्या आजरेकर संग्रहाला किंवा दिल्लीला पत्र लिहून विचारा की ती घेता का. ज्यांवर काही लिहिलेले नाही ती आणणारे सर अजून हयात असतील, तर आधी त्यांच्या घरी जा.